पलभा

पुणे आणि नागपूर यांच्या रेखांशात सव्वापाच अंशांचा फरक आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे नागपुरात सूर्य पुण्यापेक्षा २१ मिनिटं आधी उगवायला हवा आणि २१ मिनिटं आधीच मावळायला हवा. शाळेच्या भूगोलात एवढंच शिकवतात आणि त्यावर दोन मार्कांचं गणित घालतात. पण २१ जूनच्या वेळा काढून बघा. सूर्योदयात फरक पडतो साधारण २६ मिनिटांचा आणि सूर्यास्तात १६ मिनिटांचा. २१ डिसेंबरला बरोब्बर उलटं होतं, म्हणजे सूर्योदयात १६ आणि सूर्यास्तात २६. दोन्हीची सरासरी २१ येते, त्यामुळे शाळेचं गणित चुकलेलं नाही. पण मग ही इकडची तिकडे होणारी पाच मिनिटं येतात कुठून?

उत्तर एका वाक्यात सांगता येतं: नागपूर पुण्याच्या अडीच अंशाहून जरा जास्तच उत्तरेला आहे आणि पृथ्वी गोल आहे. पण या एका वाक्यामागे आपल्याकडे हजारएक वर्षांचं भूमितीचं काम आहे, आणि त्यातला सगळ्यात हुशार शॉर्टकट कोकणातल्या एका माणसाने काढलेला आहे. या विकांताला त्याच्याबद्दलच लिहायचं ठरवलं.

सुरुवात एका काठीपासून. सपाट जमिनीवर बारा अंगुळं उंचीची काठी उभी रोवायची. हा शंकू. जुन्या सगळ्या ग्रंथांत त्याची उंची बाराच धरलेली असते. अंगुळ म्हणजे नक्की किती मिलिमीटर हा वाद घालायची गरज नाही, कारण सावलीही त्याच अंगुळांत मोजायची आहे. ज्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणजे २०-२१ मार्च किंवा २२-२३ सप्टेंबर, त्या दिवशी भर मध्यान्ही या काठीची सावली मोजायची. जो आकडा येईल ती त्या गावाची पलभा.

पुण्याची पलभा ४ अंगुळं. कोल्हापूरची ३.६, नागपूरची ४.६, उज्जैनची ५.१, दिल्लीची साडेसहा. आपण आज 'अक्षांश १८.५ अंश उत्तर' म्हणतो तेव्हा तो एक कोन असतो. पलभा त्याच कोनाचं टॅन्जंट आहे, फक्त बाराने गुणलेलं. कोन मोजायला यंत्र लागतं, सावली मोजायला काठी पुरते. जुनं पंचांग गणित गावाची ओळख अक्षांशाने नाही, पलभेने ठेवतं. आजच्या भाषेत बोलायचं तर गावाचा सगळा कॉन्फिग एका आकड्यात. (दुसरा आकडा देशांतराचा, म्हणजे उज्जैनच्या रेषेपासून आपण किती पूर्वेला किंवा पश्चिमेला. पण तो दिवसाची लांबी ठरवत नाही, म्हणून आज तो बाजूला.)

आता या सावलीचा दिवसाच्या लांबीशी काय संबंध? इथे जुन्यांची कल्पना मला फार आवडते. त्यांनी विषुववृत्तावर, उज्जैनच्या बरोबर दक्षिणेला, एक 'लंका' मानली. ही रावणाची किंवा आजची श्रीलंका नव्हे. आजची श्रीलंका विषुववृत्ताच्या बरीच उत्तरेला आहे. ही गणिताची लंका, ग्राफ पेपरवरच्या शून्यासारखी. तिथे पलभा शून्य. काठीला सावलीच नाही. आणि तिथे वर्षभर दिवस तीस घटकांचा आणि रात्रही तीस घटकांची. (घटका म्हणजे २४ मिनिटं. घटकेची ६० पळं, म्हणजे पळ २४ सेकंदांचं.) आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्येच लिहून ठेवलंय की लंकेत सूर्योदय होतो तेव्हा यवकोटीला दुपार, सिद्धपुरात सूर्यास्त आणि रोमकात मध्यरात्र असते. विषुववृत्तावर नव्वद-नव्वद अंशांवर मानलेली ही चार शहरं. पृथ्वी गोल मानल्याशिवाय हे वाक्य लिहिताच येत नाही.

मग आपल्या गावाचा सूर्योदय कसा काढायचा? आपल्याच रेखांशावर खाली विषुववृत्तापर्यंत जा. तिथल्या माणसाचं क्षितिज आणि आपलं क्षितिज एक नसतं. पृथ्वी गोल असल्यामुळे आपण जितके उत्तरेला, तितकं आपलं क्षितिज उत्तर बाजूला खाली झुकलेलं. त्याच्या क्षितिजाला ग्रंथांत 'उन्मंडल' म्हणतात. उन्हाळ्यात सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला असतो, म्हणून तो आधी आपल्या क्षितिजावर येतो आणि मग थोड्या वेळाने उन्मंडलावर पोचतो. मधल्या वेळाला नाव आहे 'चर'. सकाळी एक चर आपल्याला जास्त मिळतो, संध्याकाळी आणखी एक. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला गेला की तेवढंच दोन्हीकडून कापलं जातं. नागपूर-पुण्याची ती पाच मिनिटं म्हणजे दोन गावांच्या चरातला फरक. जूनच्या शेवटी पुण्याचा चर साडेतेहेतीस मिनिटांच्या जवळ, नागपूरचा साडेअडतीसच्या वर.

चर नेमका काढायचा तर भूमिती लागते. ती भास्कराचार्यांनी ११५० सालच्या सिद्धांतशिरोमणीत तपशीलवार दिली आहे. काठी, तिची सावली आणि सावलीच्या टोकापासून काठीच्या टोकापर्यंतची रेषा, हा एक काटकोन त्रिकोण. ते दाखवतात की आकाशगोलातही याच आकाराचे त्रिकोण ठिकठिकाणी लपलेले आहेत. असे आठ त्रिकोण त्यांनी मोजून दिलेत. सगळे एकमेकांशी समरूप. त्यामुळे आकाशातली जी बाजू मोजता येत नाही, ती अंगणातल्या काठीवरून त्रैराशिकाने काढता येते. सूर्याची क्रांतिज्या गुणिले पलभा भागिले बारा, मग त्रिज्येने गुणून द्युज्येने भागायचं, की चराची ज्या मिळते. त्या ज्येवरून परत चाप काढायचा. आपल्या भाषेत हे साइन-इन्व्हर्स (टॅन अक्षांश गुणिले टॅन क्रांती). कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांचं काम.

भास्कराचार्यांना पृथ्वीच्या गोलपणाची शंका काढणारे लोकही माहीत असावेत, कारण गोलाध्यायात त्यांनी उत्तर देऊन ठेवलंय: वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच दिसतो, पृथ्वी प्रचंड आणि माणूस चिमुकला, म्हणून त्याला जमीन सपाट वाटते. परीघही त्यांनी त्रैराशिकानेच काढायला सांगितलाय. दक्षिणोत्तर दोन गावं घ्या, दोन्हीचे अक्षांश काढा, मधलं अंतर मोजा. इतक्या अंशांना इतकी योजनं तर ३६० ला किती? त्यांचं उत्तर ४९६७ योजनं. उज्जैन विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या हिश्शावर आहे असं ते म्हणतात, म्हणजे साडेबावीस अंश. खरं २३.२ च्या आसपास. माझ्या मते सोळावा हिस्सा हा सोयीचा पूर्णांक असणार. सावलीचं टोकही काही धारदार नसतं. सूर्याच्या तबकडीला अर्ध्या अंशाची रुंदी आहे, त्यामुळे सावलीची कड धूसर होते आणि बारा अंगुळांच्या काठीवर अर्ध्या अंशाची गडबड सहज होऊ शकते.

(जाता जाता: चाळीसगावजवळच्या पाटण इथे देवीच्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी १२०७ साली तिथे मठ काढला, अशी त्यात नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. आपल्याकडच्या गणिती घराण्याचा इतका पक्का पुरावा दगडावर मिळणं दुर्मिळच.)

आता खरा प्रश्न. ही भूमिती वापरणार कोण?

घड्याळ नसलेल्या गावात लग्नाचा मुहूर्त साधायचा असेल तर सूर्याचं अर्धं बिंब क्षितिजावर आलं की पाण्यात घटिकापात्र सोडत. तळाला बारीक भोक असलेली वाटी. ती भरून बुडाली की एक घटका झाली. मुहूर्त 'सूर्योदयापासून इतक्या घटका, इतकी पळं' असा काढलेला. मुहूर्तावर तुमचा विश्वास असो नसो (माझा नाही), हिशेब काटेकोर होता. एक राशी उगवायला सरासरी पाच घटका लागतात आणि तिचा नवमांश जेमतेम ३३ पळांचा, म्हणजे तेरा-सव्वातेरा मिनिटांचा. पुण्याचा चर जूनमध्ये ३४ मिनिटांपर्यंत जातो. तो विसरलात तर अडीच नवमांशांनी गणित चुकलं. आणि हे गणित करणारा माणूस कोण? खेड्यातला जोशी. त्याच्याकडे ज्यांची कोष्टकं असतीलच असं नाही, असली तर पाठ असतीलच असं नाही, आणि प्रत्येक वेळी भल्यामोठ्या संख्यांचे गुणाकार-भागाकार करायला वेळ तर नाहीच.

इथे येतात गणेश दैवज्ञ. गाव नांदगाव, मुरुड-जंजिऱ्याजवळचं. वडील केशव, तेही मोठे ज्योतिषी. गणेशांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, 'ग्रहलाघव' लिहिलं. लाघव म्हणजे हलकेपणा. नाव अगदी योग्य आहे. या ग्रंथाचं वैशिष्ट्य असं की त्यात ज्या आणि चाप जवळजवळ हद्दपार केलेत. साइन न वापरता ग्रहगणित! सुरुवातीला मला वाटलं की हे अडाण्यांसाठी केलेलं पातळ ताक असणार. पण आकडे टाकून बघितल्यावर कळतं की मामला वेगळा आहे.

चराचंच बघू. ग्रहलाघवाचा नियम इतकाच: पलभा तीन ठिकाणी मांडा. पहिलीला १० ने गुणा, दुसरीला ८ ने, तिसरीला १० ने गुणून ३ ने भागा. ही तीन चरखंडं झाली, पळांमध्ये. मेष, वृषभ आणि मिथुन या तीन सायन राशींतून सूर्य जाताना चर एवढा-एवढा वाढत जातो. संपलं. पुण्याची पलभा ४, म्हणजे खंडं ४०, ३२ आणि १३. बेरीज ८५ पळं, म्हणजे ३४ मिनिटं. दोन्ही बाजूंचे मिळून ६८. सगळ्यात मोठा दिवस १३ तास ८ मिनिटं.

आजचं नेमकं सूत्र किती सांगतं? १३ तास ७ मिनिटं.

मी एक छोटं स्क्रिप्ट लिहून कन्याकुमारीपासून श्रीनगरपर्यंत हे तपासलं. चूक कुठेही अडीच मिनिटांच्या वर जात नाही. त्यातही बरीचशी चूक नियमाची नाहीच. सगळ्या जुन्या ग्रंथांत सूर्याची परमक्रांती २४ अंश धरलेली आहे, खरी साडेतेवीसच्या आसपास. २४ घालून पूर्ण त्रिकोणमिती केली तरी पुण्याला जवळपास तेच ३४ मिनिटं येतात. म्हणजे १०, ८ आणि सव्वातीन-साडेतीनच्या मधला तो तिसरा गुणक, हे तीन आकडे कुणीतरी पूर्ण भूमिती करून, मग घासूनपुसून काढलेले आहेत. पहिला मोठा आणि शेवटचा लहान का? कारण विषुवदिनानंतर सूर्य भराभर उत्तरेला सरकतो आणि जूनच्या टोकाशी येताना रेंगाळतो. पहिल्या महिन्यात पावणेबारा अंश, दुसऱ्यात नऊच्या आत, तिसऱ्यात जेमतेम साडेतीन. हे गुणक ग्रहलाघवाच्या आधीपासून प्रचारात होते. गणेशांचं श्रेय हे की त्यांनी सगळा ग्रंथच या पद्धतीवर बेतला.

आणखी एक गंमत. दिवस मोजायला जुने सिद्धांत कलियुगाच्या आरंभापासून सुरुवात करत. शके १४४२ पर्यंत हा आकडा १६ लाख ८८ हजारांच्या आसपास पोचलेला. गणेशांनी ११ वर्षांचं, ४०१६ दिवसांचं एक चक्र केलं. झालेली चक्रं वेगळी मोजायची आणि रोजच्या हिशेबात दिवसांचा आकडा चार हजारांपलीकडे जाऊच द्यायचा नाही. ज्यांनी कधी इंटिजर ओव्हरफ्लोशी मारामारी केली असेल त्यांना हे वाचून गहिवरून येईल.

अर्थात शॉर्टकटला हद्द असते. वरचा नियम सरळ रेषेत चालतो आणि खरं सूत्र वाकतं. लंडनला नियम लावला तर दिवस १६ तास १७ मिनिटांचा येतो, खरा (वातावरण सोडून) १६ तास २४. अजून फार बिघडलेलं नाही. स्टॉकहोमला अर्ध्या तासाची चूक. आणि साडेसहासष्ट अंशांवर, जिथे जूनमध्ये सूर्य मावळतच नाही, तिथे आपला नियम बापडा १९ तास ५० मिनिटांचा दिवस सांगत बसतो. भास्कराचार्यांना ही हद्द ठाऊक होती. ६६ अंशांपलीकडे सूर्य काही काळ अस्तालाच जात नाही आणि मेरूवर सहा महिन्यांचा दिवस असतो, हे त्यांनी मांडलेलं आहे. तिथवर कुणी गेलेलं नसताना, निव्वळ त्रिकोणांवरून. कोकणातल्या जोशाला स्टॉकहोमशी देणंघेणं नव्हतं, त्यामुळे गणेशांनी केलेली निवड मला तरी योग्यच वाटते.

पण हा सगळा डोलारा एका अटीवर उभा आहे. सावली योग्य दिवशी मोजली पाहिजे. ग्रहलाघवात स्पष्ट म्हटलंय की सूर्य 'सायन' मेषारंभी असताना. पंचांगातली मेष संक्रांत निरयन असते, हल्ली १४ एप्रिलच्या सुमारास. त्या दिवशी पुण्यात काठीची सावली मोजली तर ती दोन अंगुळांच्याही जरा आतच भरते. तिला पलभा मानलंत तर पुणं थेट केरळात जाऊन पडेल. सायन आणि निरयन यांतलं अंतर म्हणजे अयनांश. गणेशांचा त्यासाठीचा नियमही तसाच सुटसुटीत: शकातून ४४४ वजा करा, ६० ने भागा, अंश मिळतील. त्यांच्या वर्षी १६ अंश ३८ कला. म्हणजे तेव्हाच विषुवदिन आणि मेष संक्रांत यांत पंधरवड्याहून जास्त अंतर पडलं होतं आणि त्यांना ते माहीत होतं. दिवस मोठा व्हायला मकर संक्रांतीपासून सुरुवात होते असं आपण आजही तिळगूळ देताना म्हणतो. काठीला विचाराल तर ती २१-२२ डिसेंबर सांगेल.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी हे सगळं प्रकरण 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास' या १८९६ च्या ग्रंथात मांडलंय. (तेही मुरुडचे, पण दापोली तालुक्यातल्या. दोन मुरुडांची गल्लत करू नका.) ग्रंथ मराठीत आहे आणि आजही वाचण्यासारखा आहे. स्वतः सायन मताचे असून ते ग्रहलाघवाची तारीफ करताना हात आखडता घेत नाहीत. असे टीकाकार आता कुठे भेटतात!

तुमच्यापैकी कुणीतरी हवामानाच्या साइटवर जाऊन म्हणेल की पुण्यात २१ जूनचा दिवस १३ तास १४ मिनिटांच्या आसपास दाखवतात, १३ तास ७ नाही. बरोबर आहे. क्षितिजाजवळ हवा प्रकाश वाकवते, त्यामुळे सूर्य खाली असतानाच वर दिसतो, आणि आज बिंबाची वरची कड दिसली की सूर्योदय धरतात. दोन्ही मिळून दिवसाला सात-साडेसात मिनिटं जास्तीची. म्हणूनच विषुवदिनालाही पुण्याचा दिवस बरोबर १२ तासांचा नसून १२ तास ७ मिनिटांचा भरतो.

दुसरी शंका जास्त खोल आहे. पृथ्वी कुठे पूर्ण गोल आहे? ध्रुवांशी चपटी आहे. मग हे सगळं चुकलं का? दिवसाच्या लांबीपुरतं तरी अजिबात नाही. शंकू ओळंब्याने उभा करतात, आणि क्षितिज त्या ओळंब्याला काटकोनात असतं. पृथ्वी बटाट्याच्या आकाराची असती तरी त्या जागचा ओळंबा आणि विषुववृत्ताचं प्रतल यांतला कोनच पलभेत उतरला असता, आणि चर त्याच कोनावर ठरतो. बिघडतं ते परिघाचं त्रैराशिक. कारण त्यात प्रत्येक अंशाला सारखंच अंतर गृहीत धरलंय. प्रत्यक्षात विषुववृत्ताजवळ एक अंश ११०.६ किलोमीटरचा, ध्रुवाजवळ १११.७ चा. हा एक टक्का फरक पकडण्यासाठी फ्रेंचांनी १७३५ साली एक तुकडी पेरूला आणि पुढच्या वर्षी दुसरी लॅपलंडला पाठवली होती. लॅपलंडचा अंश लांब भरला आणि न्यूटनचं म्हणणं खरं ठरलं.

भारतात हे काम विल्यम लॅम्टनने १८०२ साली मद्रासला सुरू केलं. अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट घेऊन तो त्रिकोणामागून त्रिकोण जोडत उत्तरेला निघाला. आता त्रिकोणच इतके मोठे की शाळेतला १८० अंशांचा नियम लागू होत नाही. पन्नास किलोमीटर बाजूंच्या समभुज त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० पेक्षा सुमारे साडेपाच विकलांनी जास्त भरते, कारण तो फुगीर जमिनीवर आखलेला असतो. लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १७८७ मध्ये युक्ती काढली होती की ही जास्तीची रक्कम तिन्ही कोनांतून सारखी वजा करा आणि मग खुशाल सपाट भूमिती वापरा. गणेश दैवज्ञांना आवडली असती.

लॅम्टन वीस वर्षं हे करत राहिला. जानेवारी १८२३ मध्ये विदर्भात हिंगणघाटला तो वारला, तिथेच त्याची कबर आहे. हिंगणघाटची पलभा साडेचार अंगुळं.